कपडे धुण्याचे मशीन : किती वर्षांचे सोबती?

वॉशिंग मशीन ही आता बंगलेवाल्यांची चैन राहिलेली नाही. चाळीतल्या खोलीत, पुनर्वसनाच्या इमारतीत, कंपनीच्या क्वार्टरमध्ये, मोरीच्या कडेला दोन फूट जागा काढून ते उभे असते. सकाळची लोकल गाठणारी नर्स, चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी स्वतःच्या घरच्या धुण्याला बसणारी मावशी, मुलगा-सून कामावर गेल्यावर नातवंडे सांभाळणारी आजी, यांच्या दृष्टीने ते मशीन म्हणजे दिवसाचा तास-दीड तास आणि मनगटाचे, कंबरेचे दुखणे वाचवणारे साधन आहे. घरात मोठा टीव्ही आधी घ्यावा की मशीन आधी, असा वाद निघाला तर मशीन आधी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. असो.

ते घेण्याची वेळ आली की एक प्रश्न हमखास निघतो. "किती वर्षं टिकतं हो हे?" दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "दहा वर्षं बघायला नको!" शेजारीण म्हणते, "आमचं तर तिसऱ्या वर्षीच बसलं." दोघेही खोटे बोलत नसतात. आणि ज्या घरात पैसा मोजून खर्च होतो, तिथे या दोन उत्तरांमधला फरक फार मोठा आहे.

आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाचा हिशेब मी लिहितो. मशीनसाठी कर्ज मागणाऱ्या भगिनी अलीकडे वाढल्या आहेत. कर्ज दोन वर्षांत फिटते. मशीन त्यापुढे सहा-सात वर्षे चालले तर व्यवहार फायद्याचा. पण हप्ता चालू असतानाच ते बंद पडले तर घरात मशीनही नाही आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातोच. वरून घरातली मंडळी म्हणायला मोकळी, "सांगितलं होतं, हातानं धूत जा!" म्हणून या प्रश्नाचा जरा खोलात जाऊन विचार करू या.

वर्षे नव्हे, खेपा मोजा

परदेशात या विषयाची रीतसर पाहणी झालेली आहे. अमेरिकेतील घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ साली घरातल्या वस्तूंच्या आयुष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वॉशिंग मशीनला साधारण दहा वर्षे दिली होती. जर्मनीच्या सरकारी पर्यावरण खात्यासाठी झालेला अभ्यास २०१६ मध्ये बाहेर आला. मोठ्या घरगुती यंत्रांचे पहिल्या घरातले सरासरी आयुष्य २००४ मध्ये १४.१ वर्षे होते, ते २०१२-१३ पर्यंत १३ वर्षांवर आले, असे त्यात दिसले. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे. पाच वर्षांच्या आतच बिघाड झाला म्हणून बदलाव्या लागलेल्या मोठ्या यंत्रांचे प्रमाण त्याच काळात ३.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे हल्लीच्या वस्तू पूर्वीसारख्या टिकत नाहीत, ही आपल्या आजीची तक्रार अगदीच काही निराधार नाही.

पण सरासरी म्हणजे सरासरी. ती आपल्या घरच्या मशीनला बांधील नसते. मशीन वर्षांनी झिजत नाही, कामाने झिजते. एकदा टब भरून कपडे धुतले की ती एक खेप धरा. नवरा-बायको दोघांच्या घरात आठवड्याला तीन खेपा होतात, म्हणजे वर्षाला दीडशे. सासू-सासरे, दीर, दोन मुले अशा भरल्या घरात रोज दोन खेपा होतात, म्हणजे वर्षाला सातशे तीस. पहिल्या घरातल्या मशीनचे दहा वर्षांचे काम दुसऱ्या घरातले मशीन दोनच वर्षांत उरकते! मग शेजारणीचे मशीन तिसऱ्या वर्षी थकले यात नवल ते काय? रिक्षाचे वय आपण किलोमीटरवर पाहतो, तसे मशीनचे वय खेपांवर पाहिले पाहिजे.

हिशेब मांडूनच पाहू. समजा बारा हजारांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन घेतले आणि आठवड्याला चार खेपा केल्या. वर्षाच्या २०८ खेपा झाल्या. आठ वर्षे चालले तर १,६६४ खेपा. मध्ये दुरुस्तीला तीन हजार गेले असे धरले तरी एकूण पंधरा हजार, म्हणजे एका खेपेला नऊ रुपये. तेच मशीन तीन वर्षांत भंगारात दिले तर ६२४ खेपा झाल्या आणि एका खेपेला एकोणीस रुपये पडले. सेमी-ऑटोमॅटिकचा विजेचा खर्च यापुढे किरकोळ आहे. धुण्याची मोटर साडेतीनशे-चारशे वॅटची असते, तिला अर्धा तास चालवले तरी पाव युनिट होत नाही. पाणी तापवणाऱ्या मशीनची गोष्ट वेगळी, तिथे गरम पाण्याची एक खेप एखादे युनिट सहज खाते. तेव्हा खरा खर्च मशीन लवकर मरण्याचा आहे.

मशीन मरत नाही, भाग मरतो

आमच्या भागात एक मेकॅनिक आहेत. वीसेक वर्षांपासून फक्त वॉशिंग मशिनेच दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात तासभर बसले की पुष्कळ शिकायला मिळते. त्यांचे म्हणणे असे, "दादा, मशीन कधी मरत नसतं. त्यातला एखादा भाग मरतो, आणि लोक पूर्ण मशीनच फेकून देतात."

आपल्या घरांत जास्त करून असते ते सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दोन टबांचे. एका टबात धुणे, दुसऱ्यात पिळणे. या दुसऱ्या टबाला आपण सर्रास ड्रायर म्हणतो. दोन टबांना दोन वेगळ्या मोटरी, दोन टायमर आणि मोटरींसाठी कपॅसिटर, ज्याला मेकॅनिक मंडळी कंडेन्सर म्हणतात. धुण्याच्या मोटरीवरून एक पट्टा खालच्या गिअर बॉक्सला जातो आणि टबाच्या तळाची चक्री फिरते. बस्स, एवढेच यंत्र! रचना साधी आहे, म्हणून दुरुस्ती सोपी आहे आणि भाग स्वस्त आहेत. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. मोटरीचा आवाज येतो पण चक्री हलत नाही किंवा अडखळते, तेव्हा पट्टा सैल झालेला किंवा तुटलेला असतो. ही दोन्ही कामे काही शे रुपयांत होतात. मात्र मागचे झाकण आपण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते, आणि तिचा झटका जोराचा असतो.

या मशीनचा खरा शत्रू दिसायला अगदी क्षुल्लक आहे. ड्रायरचा दांडा जिथून खाली मोटरीकडे जातो तिथे एक रबरी सील असते. त्याचे काम एकच, वरचे पाणी खाली मोटरीवर जाऊ न देणे. हे सील झिजले की पाणी थेंब थेंब मोटरीवर पडू लागते. सुरुवातीला काहीच कळत नाही. मग ड्रायर सुरू होताना घरघर येते. मशीनखाली ओल दिसते, पण मोरीत ओल असायचीच म्हणून कोणी लक्ष देत नाही. पुढे मोटरीचे बेअरिंग गंजते आणि एक दिवस ड्रायर जागचा हलत नाही. शे-दोनशे रुपयांच्या रबरासाठी दीड-दोन हजारांची मोटर जाते. मेकॅनिकच्या दुकानाबाहेर पडलेल्या जाम मोटरी पाहिल्या म्हणजे पटते. ड्रायरचा आवाज बदलला की त्याच आठवड्यात दाखवावे, एवढे एक पाळले तरी मशीनला दोन-चार वर्षे जास्त मिळतात.

वरून कपडे टाकायच्या फुल्ली ऑटोमॅटिक मशीनमध्ये धुणे-पिळणे एकाच टबात होते. पाणी आपोआप घेतले जाते, आपोआप सोडले जाते. माणसाचे काम कमी, म्हणून भाग जास्त. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, पाणी सोडणारी छोटी मोटर किंवा पंप, पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर, टबाला चार कोपऱ्यांतून लटकवणारे दांडे, आणि या सर्वांवर हुकूम चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड. यातले कार्ड सोडून बाकी गोष्टी परवडण्याजोग्या आहेत. कार्ड गेले की काही हजारांना फोडणी! ओलावा, झुरळे आणि कमी-जास्त होणारा विजेचा दाब या तीन कारणांनी ते जाते. म्हणून काम झाले की नुसते बटण बंद न करता भिंतीवरचा स्विचही बंद करावा आणि विजा कडाडत असतील तर प्लगच काढून ठेवावा.

समोरून दार असलेले फ्रंट लोड मशीन पाणी कमी घेते, कपडे चांगले धुते, आणि नीट वापरले तर टिकतेही. पण त्याचे मोठे दुखणे बेअरिंगचे आहे. ड्रमच्या मागे तीन पायांचा एक धातूचा आधार असतो, बहुधा ॲल्युमिनियमचा. त्यावर साबणाचा थर साचून साचून तो कुरतडला जातो. मागचे सील गेले की बेअरिंगमध्ये पाणी शिरते आणि पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. जुन्या मशिनांत बाहेरचा टब दोन भागांत उघडत असे, बेअरिंग बदलता येत असे. आता काही कंपन्या हा प्लॅस्टिकचा टब कायमचा जोडूनच टाकतात. मग काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी पूर्ण टबच बदलावा लागतो आणि खर्चाचा आकडा ऐकून माणूस नवीन घ्यायला निघतो. फ्रंट लोड घेणाऱ्यांनी दुकानात किती प्रोग्रॅम आहेत हे विचारण्याआधी "याचे बेअरिंग वेगळे बदलता येते का?" हे विचारावे. विक्रेत्याला बहुधा उत्तर येणार नाही. सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

दोन बहिणी, दोन पाणी

गटातल्या एका ताई मुंबईला राहतात, त्यांची धाकटी बहीण लातूरला. दोघींनी २०१५ च्या दिवाळीत एकाच कंपनीचे, एकाच मापाचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन घेतले. दोघींच्या घरी माणसे पाच-पाच. मुंबईच्या ताईंचे मशीन दहा वर्षे चालले. दोनदा पट्टा, एकदा कंडेन्सर, एवढाच खर्च. लातूरच्या ताईंचा ड्रायर चौथ्याच वर्षी जाम झाला.

कंपनी एक, मॉडेल एक, मग फरक कुठे पडला? पाण्यात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचे पावसाळी पाणी येते, ते तुलनेने हलके. लातूरच्या त्या घरात बोअरचे पाणी, नाहीतर टँकरचे. लातूरच्या पाण्याचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वेळी मिळेल ते पाणी मशीनमध्ये जाते, त्यात वाळूचे बारीक कण असतात आणि क्षार भरपूर. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हटलेले आहे, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडचे जे मानक आहे त्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला मानला आहे, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असे म्हटले आहे. बोअरचे पाणी कित्येक ठिकाणी त्या वरच्या मर्यादेकडे झुकते. कपडे उकळण्याच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तोच थर मशीनच्या आत व्हॉल्व्हवर, हीटरवर, सीलच्या कडेला बसतो. कण आणि थर मिळून रबर घासले जाते. शिवाय फेस येत नाही म्हणून आपण साबण वाढवतो, आणि तो न विरघळलेला साबण पुन्हा आतच साचतो.

लातूरच्या ताईंना दुकानदाराने जुने मशीन देऊन नवीन घेण्याचा सल्ला दिला. जुन्याचे आठशे रुपये मिळणार होते. त्यांनी तो मानला नाही. बावीसशे रुपयांत मोटर आणि सील दोन्ही बदलून घेतले. मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे पाणी आदल्या रात्री बादल्यांत भरून निवळू द्यायचे आणि वरचेच पाणी मशीनला वापरायचे, असा नियम केला. टबात पाणी जाते त्या तोंडाला सुती फडके बांधले. ते मशीन पुढे २०२३ पर्यंत चालले.

ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि नळाला जोर नाही, त्यांनी फुल्ली ऑटोमॅटिकच्या मोहात पडण्याआधी थोडे थांबावे. या मशिनांना पाण्याचा ठरावीक दाब लागतो. गच्चीवरची टाकी मशीनच्या नळापासून साधारण दहा फूट तरी उंच हवी, नाहीतर पाणी भरायलाच अर्धा तास जातो आणि मशीन चूक दाखवून थांबते. व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ती महिन्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने साफ करावी. पाणी तापवण्याची सोय असलेल्या मशीनमध्ये दोन-तीन महिन्यांतून एकदा किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, शंभरेक ग्रॅम टाकून रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवले की थर सुटतो. मशीनच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर मात्र पुस्तिकेचेच ऐकावे. संडास साफ करायचे ॲसिड चुकूनही वापरू नये आणि लिंबूफुलाबरोबर ब्लीचिंग तर मुळीच नको, त्यातून विषारी वायू निघतो.

सेमी-ऑटोमॅटिकचा एक गुण पाणीटंचाईच्या गावांत फार मोलाचा आहे. एकाच साबणाच्या पाण्यात आधी शाळेचे गणवेश, मग चादरी, शेवटी पायपुसणी अशा तीन खेपा काढता येतात. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

वजन, चादर आणि उंदीर

सात किलोचे मशीन म्हणजे सात किलो कोरड्या कपड्यांचे. ओल्यांचे नव्हे. आणि ड्रायरचे माप धुण्याच्या टबापेक्षा कमी असते, हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते. एक जीन्स अर्धा-पाऊण किलोची. चार जीन्स, दोन चादरी आणि घरच्यांचे शर्ट-टॉवेल एकदम टाकले की चक्रीवर, पट्ट्यावर, मोटरीवर ताण येतो. गोधडी तर कधीच टाकू नये. ती पाणी पिऊन दगडासारखी जड होते आणि ड्रायर मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेत असताना एका बाजूला कलते. मग मशीन मोरीभर नाचते. गोधडी नदीवर धुवायची ती काही उगीच नव्हे!

खिसे तपासावेत. सेफ्टी पिन, नाणी, खिळे, साडीचा सुटलेला हुक यांनी टबाला भोके पडतात, पंप अडकतात. गॅरेजमध्ये, बांधकामावर काम करणाऱ्यांचे कपडे आधी झटकून, एकदा साध्या पाण्यातून काढून मगच मशीनमध्ये घालावेत.

उंदरांचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. सेमी-ऑटोमॅटिक मशीन खालून बऱ्याचदा उघडे असते. आत ऊब असते, साबणाचा वास असतो. उंदीर वायरी कुरतडतो, पट्टा कुरतडतो. कंपनीच्या वॉरंटीत उंदराचे नुकसान बसत नाही. खालून जाळी लावून घ्यावी आणि मशीन स्टँडवर ठेवावे, म्हणजे पत्रा गंजतही नाही. फ्रंट लोडचे दार काम झाल्यावर उघडे ठेवावे, रबराला बुरशी येत नाही.

आणि अर्थिंग! मशीनच्या आयुष्याबद्दल बोलताना माणसाच्या आयुष्याबद्दल बोललेच पाहिजे. ओल्या मोरीत, अनवाणी पायांनी, पत्र्याच्या मशीनला हात लावायचा असतो. जुन्या चाळींत, वस्त्यांत भिंतीवरचा सॉकेट तीन भोकांचा असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मशीनला हात लावला की मुंग्या येतात असे कोणी म्हणाले तर ते मशीन त्या क्षणापासून वापरायचे बंद करावे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि जमल्यास वीज गळाली की प्रवाह तोडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवावा. मशीनला सॉकेट पुरत नाही म्हणून दोन पिनांचे जोड लावणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे.

वॉरंटीचा कागद वाचायचा कसा

"दहा वर्षांची वॉरंटी!" हे शब्द खोक्यावर मोठे असतात. खाली लहान अक्षरांत ‘मोटरवर’ असे असते. पूर्ण मशीनची वॉरंटी बहुधा दोन वर्षांची. तिसऱ्या वर्षी कार्ड गेले, व्हॉल्व्ह गेला, बेअरिंग गेले, तर मोटरच्या दहा वर्षांचा काही उपयोग नाही. मोटरच गेली तरी मोटर फुकट मिळते, पण मेकॅनिकच्या येण्याचे आणि बसवण्याचे पैसे कित्येकदा द्यावे लागतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मोटरी दोन असतात, तेव्हा वॉरंटी दोन्हींवर आहे की फक्त धुण्याच्या मोटरीवर, हे बिल करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आपल्याकडे लग्नात मुलीला मशीन देण्याची पद्धत पडली आहे. दिवाळीच्या सेलमध्ये घेतात, लग्न मे महिन्यात. वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. सहा-सात महिने खोक्यातच गेले! द्यायचेच असेल तर लग्नाच्या आठवड्यात घ्यावे, आणि बिल मुलीच्या नावाने, तिच्या पत्त्यावर करावे. ते बिल पुढे तिलाच लागणार आहे.

हप्त्यावर घेताना ‘बिनव्याजी’ या शब्दाला भुलू नये. प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी मिळवून एकूण किती जातात ते कागदावर मांडावे, आणि तेच मशीन रोखीने किती कमी पडते तेही विचारावे. या दोन आकड्यांतला फरक हेच व्याज, नाव काहीही द्या. हप्त्यांची मुदत पूर्ण वॉरंटीपेक्षा लांब नसावी, असा नियम आम्ही गटात केला आहे.

दुरुस्ती करावी की नवीन घ्यावे, हे ठरवताना मी एक साधी रीत वापरतो. समजा तेच बारा हजारांचे मशीन पाच वर्षांचे झाले आहे. आठ वर्षांचे आयुष्य धरले तर वर्षाला पंधराशे घसारा. म्हणजे तीन वर्षांचे साडेचार हजार त्यात अजून शिल्लक आहेत. दुरुस्ती त्याहून बरीच कमी असेल आणि मेकॅनिक टब व पत्रा धड आहे म्हणत असेल, तर दुरुस्त करावे. सातव्या वर्षी चार हजारांचे कार्ड सांगितले तर करू नये. पत्रा खालून गंजून भोके पडली असतील किंवा टबालाच तडा गेला असेल, तर हिशेबही करत बसू नये.

भाग मिळत नाहीत, ही तक्रार मात्र सर्वत्र आहे. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून असा नियम लागू आहे की मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही मोटर, पंप, बेअरिंग यांसारखे भाग कंपनीने निदान दहा वर्षे पुरवले पाहिजेत, आणि मागणी आल्यावर पंधरा कामाच्या दिवसांत पोहोचवले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे एकत्र मिळते. पण ही माहितीची सोय झाली, युरोपासारखे बंधन नव्हे. त्यामुळे घेतानाच आपल्या गावात त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला तिचे भाग मिळतात का, हे विचारावे. कंपनी बंद पडण्याचाही धोका असतो. एके काळी घराघरांत पोहोचलेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

वॉरंटीत असताना तोच बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल, तर प्रत्येक भेटीची जॉब शीट मागून घ्या. मेकॅनिक "सही करा, कागद नंतर पाठवतो" म्हणाला तर सही करू नका, निदान मोबाइलवर फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येते. तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे. बिल उन्हाने पुसट होते, म्हणून घेतल्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.

शेवटी मशीन खरोखरच संपले तर भंगारवाल्याला काट्यावर देण्याची घाई करू नका. आधी मेकॅनिकला दाखवा. चालू मोटर, टायमर, चांगला गिअर बॉक्स याचे तो वेगळे पैसे देतो, कारण दुसऱ्या कुणाचे तरी त्याच मॉडेलचे मशीन त्यावर चालणार असते. मोटरीचे वाइंडिंग तांब्याचे आहे की ॲल्युमिनियमचे, हेही त्यालाच विचारा. तांब्याचे असेल तर भंगारातही भाव चांगला येतो, आणि ती मोटर बिघडलेली असली तरी रिवाइंड करून वापरण्याजोगी असते. उरलेले कार्ड, वायरी, प्लॅस्टिक घरामागे जाळू नये, त्याचा धूर मुलांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत वॉशिंग मशीनही येते आणि त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे. नवीन मशीन घरी आणून देणाऱ्या माणसाला जुने घेऊन जाणार का, हे बिल करतानाच विचारावे. आणि नेणार असेल तर किती रुपये वजा करणार, तेही त्याच बिलावर लिहून घ्यावे.